जमैकन अन्नशब्द आणि ‘आपण’चा प्रश्न

जमैकातील घरगुती स्वयंपाकाविषयी जे लेखन आजवर झाले आहे त्यात एक प्रश्न वारंवार विचारण्यात आला आहे. तो असा की, अमुक पदार्थ मूळचा कोणाचा? उत्तरे तयार असतात. अकी हे फळ पश्चिम आफ्रिकेतून अठराव्या शतकात आले. त्याच्या जोडीचा खारवलेला कॉड मासा उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातून आला. नीरफणस कॅप्टन ब्लाय याने १७९३ साली पॅसिफिकमधील ताहितीहून आणला. बकऱ्याच्या मटणाला कढीमसाल्याची फोडणी १८४५ पासून आलेल्या हिंदी गिरमिट्यांनी दिली. कसाव्याची सपाट भाकर टायनो या मूळ रहिवाशांच्या कृतीशी नाते सांगते. या रीतीने जेवणाचे ताट म्हणजे जगाचा नकाशाच होऊन बसतो, आणि नकाशा पुरा झाला की मीमांसाही पुरी झाली अशी अभ्यासकाची समजूत होते.

ही उत्तरे खोटी नाहीत. परंतु ती ज्या प्रश्नाची आहेत तो प्रश्न जेवणाऱ्याचा नव्हे, भांडाराची मोजदाद करणाऱ्याचा आहे. जमैकन बोलीतील अन्नविषयक शब्द आणि त्या बोलीतून निर्माण झालेले काव्य यांच्याकडे बारकाईने पाहिले असता एक निराळाच प्रश्न वर येतो. या पंगतीत कोणाला धरले आहे, आणि कोण बाहेर राहिला आहे?

फ्रेडरिक कॅसिडी यांचा ‘जमैका टॉक’ हा ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध झाला आणि १९६७ साली त्यांनी आर. बी. ले पेज यांच्यासह ‘डिक्शनरी ऑफ जमैकन इंग्लिश’ हा कोश सिद्ध केला. ज्या बोलीला शाळेत ‘बिघडलेली इंग्रजी’ म्हणून हिणविले जात होते तिला ऐतिहासिक पद्धतीचा, अवतरणांनी भरलेला कोश मिळावा, ही घटना सामान्य नव्हे. या कोशाशिवाय प्रस्तुत विषयावर एक पाऊलही टाकता येत नाही. पुढे बी. डब्ल्यू. हिगमन यांनी २००८ साली जमैकन अन्नाचा इतिहास, जीवशास्त्र व संस्कृती यांचा जो विस्तृत ग्रंथ लिहिला, तोही माहितीच्या दृष्टीने अजोड आहे. मात्र कोशाची मांडणी शब्दाच्या उगमाकडे झुकते आणि हिगमन यांची मांडणी वनस्पती व प्राणी यांच्या वर्गवारीकडे. एकात शब्द सुटे होतात, दुसऱ्यात कंद, पाने, फळे सुटी होतात. दोन्हींत जेवण मात्र विखुरते. हा दोष ग्रंथकारांचा म्हणता येणार नाही. तो शास्त्राने पत्करलेल्या क्रमाचा आहे. समीक्षकाने तोच क्रम निमूटपणे उचलावा याला मात्र काही कारण नाही.

एक उदाहरण घ्यावे. मक्याचे पीठ, किसलेले रताळे किंवा कच्चे केळे, नारळाचा रस, गूळसर साखर व मसाला एकत्र करून ते केळीच्या पानात बांधतात आणि उकडतात. कोकणातील पातोळ्या ज्यांनी खाल्ल्या आहेत त्यांना या कृतीची कल्पना येण्यास अडचण पडू नये. तेथे हळदीचे पान, येथे केळीचे. या एका पदार्थाला जमैकात तीन नावे आहेत. पहिले ‘डकनू’. हा शब्द घानातील आकान भाषेतल्या ‘डोकोनो’ या शब्दापासून आला, याबद्दल विद्वानांत फारसा मतभेद नाही. दुसरे नाव ‘टाय-अ-लीफ’, म्हणजे ‘पान बांध’. तिसरे ‘ब्लू ड्रॉअर्स’, म्हणजे ‘निळी विजार’! वाफेने काळपट निळसर झालेली पुरचुंडी दोरीने आवळलेली पाहून कोणा विनोदी माणसाला जे सुचले ते सर्वांनी उचलले.

व्युत्पत्तिशास्त्राला पहिल्या नावात रस वाटतो, कारण त्यात आफ्रिका आहे. दुसरी दोन नावे त्याच्या लेखी इंग्रजी शब्दांची साधी जुळणी होत. वास्तविक पाहता पहिले नाव वारशाने मिळालेले आहे. दुसरे करणारणीचे आहे, तिचे हात त्यात दिसतात. आणि तिसरे खाणाऱ्यांचे आहे. एकटा मनुष्य खात बसला असता पदार्थाला असे नाव ठेवीत नाही. थट्टेला ऐकणारे लागतात. म्हणजे ‘ब्लू ड्रॉअर्स’ या शब्दाच्या अर्थात किमान चार माणसे बसलेली आहेत, आणि त्यांची नोंद कोणत्याही मूळरूपात सापडणार नाही.

हीच गोष्ट ‘रनडाउन’ या कालवणाची. नारळाचा रस आटवीत नेऊन तो फुटून तेल व चोथा वेगळा होऊ लागला की त्यात खारा बांगडा, कांदा, थाइमची पाने आणि स्कॉच बॉनेट नावाची जहाल मिरची घालतात. उकडलेली कच्ची केळी आणि कोनफळाच्या जातीचा याम यांबरोबर ते खातात. रस ‘खाली उतरतो’ म्हणून ‘रनडाउन’. हे झाले चुलीपाशी उभे राहून ठेवलेले नाव. याच पदार्थाला ‘डिप-अँड-फॉल-बॅक’ असेही म्हणतात: बुडव आणि मागे हो. मधल्या भांड्यात केळ्याचा तुकडा बुडवायचा आणि रस अंगावर ओघळू नये म्हणून, किंवा दुसऱ्याला वाव मिळावा म्हणून, मागे सरायचे. यातले कोणते कारण खरे याचा निवाडा करण्याची गरज नाही. दोन्ही कारणांत भांडे एक आहे आणि हात अनेक आहेत. कालवणाच्या नावातच जेवणाचा शिष्टाचार सांगणारी उदाहरणे भाषांत फार आढळत नाहीत. खाऱ्या माशाच्या भज्यांना ‘स्टँप-अँड-गो’ म्हणतात. हा खलाशांच्या दोर ओढण्याच्या कामातील हुकूम होता, तो घाईने विकत घेऊन चालता चालता खाण्याच्या पदार्थाला चिकटला. रविवारच्या ‘राइस अँड पीज’ला, म्हणजे नारळाच्या रसात राजम्याबरोबर शिजविलेल्या भाताला, लोक ‘कोट ऑफ आर्म्स’ म्हणतात. साम्राज्याचे राजचिन्ह कचेरीच्या दारावर, आणि यांचे राजचिन्ह पातेल्यात! नाताळात राजम्याऐवजी ‘गुंगो’ घालतात. हा गुंगो दुसरा तिसरा कोणी नसून मराठी घरातली तूर होय. जिची लागवड भारतात सुरू झाली ती तूर आफ्रिकेमार्गे तेथे पोचली आणि एका सणाची झाली.

सिडनी मिंट्झ यांनी १९५२ साली जमैकाच्या सेंट ॲन परगण्यातील स्टर्ज टाउन या गावी क्षेत्रकार्य केले. पुढे १९८५ च्या ‘स्वीटनेस अँड पॉवर’ या ग्रंथात त्यांनी असे दाखविले की, शेतीप्रधान समाजांच्या जेवणात एक गाभा असतो आणि एक झालर असते. गाभा पिठूळ, पोटभरीचा. झालर थोडकी, चवीची, आणि गाभा घशाखाली उतरविणारी. हा विचार इंग्रजी वाचकाला समजावण्यासाठी मिंट्झ यांना बरेच श्रम घ्यावे लागले. मराठी वाचकाला तो एका शब्दात कळतो, कारण मराठीने तो शब्द केव्हाच घडविला आहे: तोंडीलावणे. ‘कोरड्यास’ हा ग्रामीण शब्द तर याहून नेमका आहे. कोरड्या भाकरीसाठी जे ते कोरड्यास. जमैकन बोलीत हाच भेद ‘फूड’ आणि ‘सॉल्टिंग’ या शब्दांनी दाखविला जातो. खेड्यात ‘फूड’ म्हटले की अन्नमात्र अभिप्रेत नसते. याम, रताळे, केळे, नीरफणस एवढेच अभिप्रेत असते. त्याबरोबर जे मासळी-मांस ते ‘सॉल्टिंग’, म्हणजे ‘सॉल्ट-थिंग’, खारी वस्तू.

आता या ‘खारी’ विशेषणात एक इतिहास साठलेला आहे. गुलामांच्या शिध्यात येणारा खारवलेला मासा हा उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरून येणारा हलक्या प्रतीचा माल होता. युरोपच्या बाजारात जो खपत नसे तो वेस्ट इंडीजकडे लोटला जाई. पोट भरण्याची जबाबदारी मात्र मालकांनी बहुतांशी गुलामांवरच टाकली होती. डोंगरउतारावरची, उसाला निरुपयोगी अशी जमीन त्यांना दिली जाई. आठवड्यातील थोडा मोकळा वेळ आणि रविवार त्यांनी तेथे राबावे, पिकवावे, उरलेले बाजारात विकावे. मिंट्झ आणि डग्लस हॉल यांनी १९६० साली जमैकाच्या अंतर्गत बाजारव्यवस्थेचा उगम याच जमिनींत असल्याचे दाखवून दिले. तेव्हा ‘फूड’ म्हणजे स्वतः पिकविलेले आणि ‘सॉल्टिंग’ म्हणजे मालकाच्या हातून आलेले, असा भेद त्या दोन शब्दांच्या तळाशी आहे. आज सॉल्टिंग म्हणून ताजी कोंबडी असली तरी शब्द खाराच राहिला आहे. कोशात ‘साल्ट’ आणि ‘थिंग’ ही दोन्ही पदे इंग्रजी म्हणून नोंदविली जातील, आणि ती इंग्रजी आहेतच; पण त्यांच्या जोडणीचे कारण इंग्लंडात सापडायचे नाही.

एकत्र जेवण्याचा आनंद या सर्व शब्दांत कोठे ना कोठे आहे, परंतु तो उघडपणे एका वाक्प्रचारात आला आहे: ‘रन अ बोट’. मित्रमंडळींनी किंवा शेजाऱ्यांनी, ज्याच्याकडे जे असेल ते आणायचे. कोणी पीठ, कोणी नारळ, कोणी केळी, कोणी खाऱ्या माशाचा तुकडा. आणि उघड्यावर एका भांड्यात शिजवून सर्वांनी खायचे. याला ‘होडी चालविणे’ म्हणतात. मराठीतील अंगतपंगत याच्या जवळची वाटते, पण भेद महत्त्वाचा आहे. अंगतपंगतीत आपापले डबे आपापलेच राहतात, बसणे तेवढे एकत्र असते. होडीत शिधाच एकजीव होतो आणि कोणाचे काय हे शेवटी सांगता येत नाही. ज्याच्याकडे केवळ सरपण असते त्यालाही होडीत जागा असते. शनिवारचे सूप आणि रविवारचा भात ही घरातली जेवणे वेळापत्रकाने बांधलेली असतात. होडीला वेळापत्रक नसते. कोणाकडेच पुरेसे नसणे एवढेच निमित्त तिला पुरते.

याच ठिकाणी वाङ्मयाकडे वळणे इष्ट ठरेल. क्लॉड मॅके याचा जन्म १८८९ साली क्लॅरेंडन परगण्यातील शेतकरी कुटुंबात झाला. १९१२ साली त्याचा ‘साँग्ज ऑफ जमैका’ हा बोलीतील कवितांचा संग्रह निघाला, आणि त्याच वर्षी तो अमेरिकेस गेला तो कायमचा. त्या संग्रहाच्या आरंभी ‘क्वाशी टू बक्रा’ ही कविता आहे. क्वाशी हे आकान भाषेतील रविवारी जन्मलेल्या मुलाचे नाव. ते पुढे खेडूतमात्राचे नाव झाले. बक्रा म्हणजे गोरा. हा क्वाशी गोऱ्याला म्हणतो की, रताळे तू चाखतोस आणि गोड म्हणतोस, पण ते पिकवायला काय राबावे लागते ते तुला ठाऊक नाही. म्हणून तर दीड पेनीला टोपलीभर मागतोस. कविता रताळ्याविषयी आहे, परंतु तीत जेवण नाही. पिकविणारा आणि खाणारा एका पंगतीस बसलेले नाहीत, आणि या दोघांमधील अंतर हाच कवितेचा विषय होय. संग्रहाला वॉल्टर जेकिल या इंग्रज आश्रयदात्याने तळटीपा जोडून बोलीतील शब्दांचे अर्थ दिले. अनवधानाने का होईना, पानाची रचनाच कवितेचे म्हणणे सिद्ध करते: वर क्वाशी बोलतो आहे, आणि खाली बक्रासाठी अर्थ वाढून ठेवले आहेत.

त्याच मॅकेची १९२० ची ‘द ट्रॉपिक्स इन न्यूयॉर्क’ ही कविता शुद्ध इंग्रजीत आहे आणि ती पहिलीपेक्षा कितीतरी अधिक नावाजलेली आहे. न्यूयॉर्कमधील एका खिडकीत मांडलेली केळी, आले, कोकोच्या शेंगा, ॲव्होकॅडो, आंबे पाहून कवीला मायभूमी आठवते आणि अखेरीस तो तोंड फिरवून रडतो. कविता सुंदर आहे यात वाद नाही. तथापि पहिले कडवे म्हणजे नामांची रांग आहे, आणि त्यातील एकही वस्तू शिजलेली नाही. ॲव्होकॅडोला जमैकात नुसते ‘पेअर’ म्हणतात. येथे परक्या ग्राहकाला कळेल असे ‘ॲलिगेटर पेअर’ हे नाव योजिले आहे. फळांची थोरवीही प्रदर्शनातील बक्षिसाच्या मापाने सांगितली आहे. बोली गेली, तिच्याबरोबर चूल गेली, आणि चुलीभोवतीची माणसेही गेली. उरला तो माल. टीकाकार या कवितेतील भूक ही घराची भूक आहे असे म्हणतात. ते खरे असले तरी अपुरे आहे. या कवितेत ‘मी’ आहे, ‘आम्ही’ही नाही. एकट्या माणसाला फळे दिसतात. डकनू दिसायला दुसरे कोणी लागते.

लुईज बेनेट (१९१९–२००६) हिची गोष्ट नेमकी उलट. तिने बोली सोडली नाही, आणि म्हणून बराच काळ तिला विनोदी कार्यक्रम करणारी बाई समजण्यात आले; १९६६ च्या ‘जमैका लॅब्रिश’ या संग्रहानंतर तिच्याकडे कवी म्हणून पाहण्यास विद्वान तयार होऊ लागले. तिच्या ‘डटी टफ’ या कवितेत महागाईची यादी आहे. १९४९ साली पौंडाचे जे अवमूल्यन झाले त्याचाही उल्लेख तीत येतो. ऊन आहे पण उजेड नाही, भांडे उकळते आहे पण अन्न पुरत नाही, अशा विरोधांच्या जोड्यांवर कविता उभी आहे. यादी मॅकेच्या कडव्यातही आहे आणि येथेही आहे. परंतु ही यादी खिडकीतली नसून बाजारातून रिकाम्या हाताने परतलेल्या बाईच्या तोंडची आहे. पाव परवडेनासा झाल्यामुळे डंपलिंगच्या, म्हणजे उकडलेल्या पिठाच्या गोळ्यांच्या, आश्रयास गेलेल्या लोकांना ती निर्वासितांची उपमा देते. ऐकणाऱ्या बायका हसतात, कारण त्याही त्याच छावणीत आहेत. ‘ब्लू ड्रॉअर्स’ ज्या थट्टेतून जन्मले तिचेच हे काव्यरूप होय.

येथे एक भाषिक प्रश्न उभा राहतो, आणि तो मराठीतूनच स्पष्ट दिसतो हे विशेष. जमैकन बोलीत प्रथमपुरुषी अनेकवचनाला ‘वी’ हे एकच रूप आहे. ‘तुम्ही’साठी मात्र तिने पश्चिम आफ्रिकेतील इग्बो भाषेकडून ‘उनू’ हे सर्वनाम घेतले. आदराचा त्यात लवलेश नाही. ते केवळ अनेकवचन आहे, आणि अंगणातल्या मुलांना जेवायला हाक मारणाऱ्या आईच्या तोंडी ते शोभते. प्रमाण इंग्रजीने गमावलेला एकवचन-अनेकवचनाचा हा भेद बोलीने परत मिळविला. ‘वी’बाबत मात्र ती इंग्रजीप्रमाणेच मोघम राहिली. मराठीत ‘आम्ही’ म्हणताच ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हणताच तो आत येतो. तेव्हा या कविता मराठीत आणू पाहणाऱ्याला प्रत्येक ‘वी’पाशी थांबून विचारावे लागते की, ऐकणारा पंगतीत आहे की नाही?

क्वाशीचा ‘वी’ निःसंशय ‘आम्ही’ आहे. बेनेटचा ‘आपण’ आहे. बॉब मार्लेच्या १९७४ च्या ‘नॅटी ड्रेड’ या ध्वनिमुद्रिकेतील ‘नो वूमन, नो क्राय’ या गीतात किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन वस्तीतील सरकारी चाळीच्या अंगणात रात्रभर जळणारी शेकोटी आहे, तीवर शिजलेली मक्याच्या पिठाची पेज आहे, आणि ती पेज समोरच्या स्त्रीला वाटून देण्याचे आश्वासन आहे. या गीताचे भाषांतर ‘आम्ही’ने करणारा ते मारून टाकील. पेज ही गरिबीची खूण म्हणून तेथे आलेली नाही. वाटता येते म्हणून आली आहे.

जमैका १९६२ साली स्वतंत्र झाला तेव्हा ‘अनेकांतून एक जनता’ हे राष्ट्राचे बोधवाक्य ठरले, आणि तेव्हापासून एकाच भांड्यात शिजणाऱ्या अनेक जिनसांची उपमा भाषणांत व पाकपुस्तकांत इतकी वापरली गेली की तिची चव उरली नाही. उपमेला आक्षेप एवढाच की, तीत जिनसा असतात, माणसे नसतात. बकऱ्याच्या मटणाची कढी आज लग्नात आणि मृत्यूनंतरच्या नवव्या रात्रीच्या जागरणातही अपरिहार्य मानली जाते. पण तो मसाला आणणाऱ्या, मुख्यतः आजच्या उत्तर प्रदेश व बिहारमधून गेलेल्या मजुरांना त्या समाजात पंगतीस घ्यायला मसाल्यापेक्षा पुष्कळ अधिक काळ लागला. पदार्थ आत येतो तितक्या सहज मनुष्य येत नाही. रास्ताफारी पंथीयांनी हे ओळखले होते की काय, त्यांनी सर्वनामच बदलले: ‘वी’ टाकून ‘आय अँड आय’, म्हणजे ‘मी आणि मी’. आपल्या मीठवर्ज्य, शाकप्रधान अन्नालाही त्यांनी ‘व्हायटल’ शब्दाचे पहिले अक्षर काढून तेथे हाच ‘आय’ बसवला आणि ‘आयटल’ म्हटले. खाऱ्या शिध्याचा इतिहास ध्यानी घेता मिठाचा हा त्याग केवळ पथ्याचा वाटत नाही.

मार्लेच्या त्याच ध्वनिमुद्रिकेत ‘देम बेली फुल (बट वी हंग्री)’ हेही गीत आहे. बेनेटच्या कवितेतील पाऊस-जमीन आणि भांडे-अन्न या जोड्या तीत जवळपास तशाच आल्या आहेत. सुमारे पाव शतक त्या लोकांच्या तोंडी राहिल्या असल्या पाहिजेत. शीर्षकातील ‘वी’ पोट भरलेल्यांना उद्देशून असेल तर ‘आम्ही’ म्हटले पाहिजे, आणि उपाशी जमाव संतप्त असतो हा पुढे दिलेला इशारा त्याला पुष्टी देतो. पण लगेच ते गीत दुःख विसरून नाचण्याचे आमंत्रण देते, आणि तेथे ‘आपण’वाचून गत्यंतर नाही. एकाच गीतात, एकाच शब्दात, ऐकणारा आधी दाराबाहेर आहे आणि मग आत आहे. मार्लेला हा निर्णय करावा लागला नाही, कारण त्याच्या बोलीने तो त्याच्यावर लादला नाही. मराठी भाषांतरकाराला मात्र दोन ओळींच्या मध्ये कोठे तरी दार उघडावे लागेल, आणि ते नेमके कोठे उघडते हे मूळ संहितेत लिहिलेले नाही.